कोटवाला, फुई आणि मळ्यातली विहीर

खुनाच्या गोष्टी बघणारे लोक वेगळे आणि भुताच्या बघणारे वेगळे, असं चॅनलवाल्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. आपल्याकडे बघा ना, आहट वेगळं, क्राइम पेट्रोल वेगळं, दोघांची वेळ वेगळी, दोघांचं म्युझिक वेगळं. आमच्या घरात मात्र ही वाटणी कधी झालीच नाही. आई आणि फुई, म्हणजे माझी आत्या, दोन्ही बघतात, एकाच खाटेवर बसून, मधे शेंगांचं ताट, आणि खुनाच्या वेळी जेवढ्या शेंगा फुटतात तेवढ्याच भुताच्या वेळी.

म्हणून यंदा आखाजीला माहेरी आले तेव्हा मी त्यांना अनसॉल्व्ड मिस्टरीज लावून दिलं, न सुटलेल्या प्रकरणांचा जुना अमेरिकन कार्यक्रम. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण, त्यामुळे मीही माहेरी आणि फुईही माहेरी, तिचं वय झालं तरी माहेर ते माहेर. सकाळी घागर भरून झाली, पितरांना नैवेद्य दाखवून झाला, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खाऊन सगळे सुस्त, झोका संध्याकाळशिवाय नाही कारण अमळनेरकडे त्या दिवसात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, मग करायचं काय, तर कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतायचं आणि मोबाईल टीव्हीला जोडायचा. जुने एपिसोड यूट्यूबवर पडलेले आहेत. इंग्रजी आहेत, पण मी शेजारी बसून सांगत होते, आणि खरं सांगायचं तर त्या दोघींना माझी फारशी गरज पडली नाही.

पडद्यावर धुकं. धुक्यातून एक म्हातारा गोरा माणूस येतो, अंगात लांब ट्रेंच कोट, कॉलर वर, खर्जातला आवाज. इकडे आम्ही पदराने वारा घेतोय. फुई म्हणाली, "हाऊ कोटवाला कोन शे?" तेव्हापासून तो आमच्या घरात कोटवालाच. त्याचं नाव रॉबर्ट स्टॅक. जुन्या अमेरिकन टीव्हीवर द अनटचेबल्समध्ये एलियट नेस व्हायचा तो, गुंडांच्या मागे लागणारा सरकारी अधिकारी, त्यामुळे लोकांना तो कोट घालून उभा राहिला की अर्धा तपास झाल्यासारखंच वाटत असणार. पहिला सूत्रधार तो नव्हता बरं का, १९८७ च्या जानेवारीत एनबीसीवर हा कार्यक्रम एकेका तासाचा स्पेशल म्हणून सुरू झाला तेव्हा रेमंड बर होता, मग कार्ल माल्डन, मग हा. पण ऑक्टोबर १९८८ पासून दर आठवड्याचा झाला आणि पुढची चौदाएक वर्षं, चॅनल बदलत बदलत, एनबीसीवरून सीबीएस, तिथून लाइफटाइम, कोटवाला तोच.

आणि काय काय एका तासात कोंबायचे हे लोक! आधी एक बँक लुटून पळालेला, मग जहाजावरचं भूत, मग लहानपणी ताटातूट झालेल्या दोन बहिणी, मग रॉसवेलच्या वाळवंटात पडलेली ती कथित उडती तबकडी. सगळ्याला आवाज तोच, धुकं तेच. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला याचा राग यायचा, म्हणजे एका आईची मुलगी गेलीय, ती बाई कॅमेऱ्यासमोर रडतेय, आणि लगेच पुढच्या भागात कुणाच्या तरी घरात खुर्ची आपोआप हलते. मला ते त्या आईला कमी लेखल्यासारखं वाटायचं. त्या दुपारी आईला आणि फुईला असं काही वाटलं नाही. त्यांनी दोन्ही सारख्याच मनाने ऐकून घेतलं.

आईचा वाद वेगळाच होता. या कार्यक्रमात घडलेला प्रसंग नट घेऊन पुन्हा करून दाखवतात, आणि मधेमधे खरे नातेवाईक, खरे पोलीस बोलतात. आईला ही सरमिसळ मान्यच होईना. एका प्रसंगात एक माणूस बायकोला जिन्यावरून ढकलतो, तर आई म्हणते, "मारी ऱ्हायंता तवय कॅमेरावाला काय करी ऱ्हायंता?" मी सांगितलं, अगं ते नाटक आहे. मग ती म्हणाली, नाटक आहे तर मग त्यानेच मारलं कशावरून? आता यावर काय बोलणार. कारण मुद्दा बरोबरच आहे, ज्या गोष्टीचा निकाल लागलेला नाही ती एकदा चेहरा देऊन दाखवली की बघणाऱ्याच्या डोक्यात निकाल लागलेलाच असतो. नंतर "अमुक व्यक्तीने आरोप नाकारले आहेत" असं कोटवाला कितीही गंभीरपणे म्हणेना का. फुई तर सरळ कपाळावरून ओळखत होती, "त्यानीच मारं, पहाय त्याना डोया कशा शेत." डोळे नटाचे होते.

नटांवरून आठवलं, पुढे ऑस्कर मिळवणारा मॅथ्यू मॅकॉनहे १९९२ मध्ये यातल्या एका भागात येऊन गेलाय. काम काय तर अंगणात गवत कापायचं आणि गोळ्या लागून मरायचं. माझ्या भाच्याला हे सांगितल्यावर तो मोबाईलमधून डोकं वर काढून पहिल्यांदाच टीव्हीकडे बघायला लागला. आणि त्या प्रकरणातला कितीतरी वर्षं फरार असलेला खुनी, कार्यक्रम दाखवल्यानंतर, पनामात सापडला. म्हणजे नुसती करमणूक नव्हती ती.

त्याचं कारण शेवटची पाटी. प्रत्येक भागाच्या शेवटी फोन नंबर यायचा, एक आठशेवाला, फुकटातला, आणि कोटवाला म्हणायचा की तुम्हाला यातलं काही माहीत असेल तर कळवा, नाव सांगितलं नाही तरी चालेल. मग एक हॉल दिसायचा, रांगेने बसलेले लोक, कानाला फोन. ही गोष्ट मला खरंच फार धाडसाची वाटते. बघणाऱ्याला खाटेवरून उठवून साक्षीदार करायचं. म्हणजे तो खुनी तुमच्या गल्लीत नाव बदलून पेट्रोलपंपावर कामाला असू शकतो, तुमच्याच घरी दूध घालत असेल, आणि आता तुम्हाला ते माहीत झालंय, तर बोला. आणि काही आठवड्यांनी "अपडेट" म्हणून परत यायचं, सापडला, पकडला, बहिणी भेटल्या. माझ्या आईला भेटलेल्या बहिणींचे भाग सगळ्यात आवडले. "एवढं एकच लाव," म्हणाली, "ते रक्तबिक नको."

आपल्याकडे असं काही नव्हतंच असं नाही. मुंबई दूरदर्शनवर "आपण यांना पाहिलंत का?" लागायचं. ना धुकं ना कोट. एक अंधुक फोटो, बहुतेक लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, आणि सपाट आवाजात, वर्ण सावळा, बांधा सडपातळ, अंगात चौकड्यांचा शर्ट, मराठी बोलतो. आई सांगते की ते लागलं की घरातलं कुणी बोलायचं नाही, पण आपल्याला कुणी दिसलंय आणि आपण फोन करायचाय असं मात्र कुणाच्या मनातही यायचं नाही. एक तर फोन करायला फोन कुठे होता. गावात पोस्टात एक, तो चालू असेल तर. पण फोन असता तरी केला असता का? मला नाही वाटत. कोर्टाची पायरी चढू नये हे आमच्याकडे पाळण्यातच कानात सांगतात.

आता विहिरीचं सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्या विहिरीमुळेच.

आमच्या गावाच्या शिवारात, मळ्याच्या वाटेला एक जुनी दगडी विहीर आहे. आता बोअर झाल्यापासून तिचं पाणी कुणी घेत नाही, पिंपळ वाढलाय कडेला, पायऱ्या ढासळल्यात. लहानपणी आम्हाला तिथे दुपारी बारानंतर जायची बंदी. का, तर तिथे आसरा आहेत. साती आसरा, पाण्यातल्या बाया, एकटंदुकटं माणूस दिसलं की ओढून नेतात. एका बाईला नेलं म्हणे त्यांनी, तेव्हापासून ती पण तिथेच असते, हिरव्या लुगड्यात, तोंड भिंतीकडे करून. आम्ही पोरं लांबून दगड टाकायचो आणि पळायचो. गावातला प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो, आणि गंमत म्हणजे सगळ्यांच्या सांगण्यात लुगडं हिरवंच.

तर त्या दुपारी कोटवाला एका बाईची गोष्ट सांगत होता, तळ्यात सापडलेली, पोलीस म्हणतात अपघात, घरचे म्हणतात शक्यच नाही. मी मराठीत सांगत होते. फुईच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, "आपली इहीरवाली पन तशीच. ती तापीकाठनी व्हती ना, तिले पवता ये."

मी विचारलं, कोण विहीरवाली? आणि मग ते सगळं निघालं. ती बाई आसराबिसरा काही नव्हती, गावातल्या एका घरची सून होती, फुईच्याच वयाची, दोघी एकत्र धुणं धुवायच्या. हिरवं लुगडं तिला माहेरून आलेलं, तेवढं एकच बरं होतं तिच्याकडे. नवऱ्याच्या घरी काय चाललंय ते धुण्याच्या दगडावर सगळ्या बायांना माहीत होतं, अंगावरचे वळ लुगड्याने झाकत नाहीत. एका सकाळी विहिरीत सापडली. पंचनामा झाला, पाय घसरला असं लिहिलं गेलं, जिच्या माहेरी पोरं चालायच्या आधी नदीत उतरतात त्या बाईचा. फुई तेव्हा नुकतीच लग्न ठरलेली मुलगी, तिला कोण विचारणार. बाकीच्यांना विचारलं तर सगळ्यांचं एकच, आम्हाला काही माहीत नाही साहेब.

हे सगळं सासरच्या छळाविरुद्धच्या ४९८ अ कलमाच्या आधीचं. ते कलम १९८३ ला आलं, हुंडाबळीचं ३०४ ब १९८६ ला. लग्नाला सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद रीतीने गेली तर चौकशी आणि शवविच्छेदन नीट व्हायलाच हवं हे कायद्यात त्याच ८३ च्या दुरुस्तीने घातलं. त्याआधी अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरात एक ओळ, संपलं. नंतर तरी काय, आजही पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात असतंच, "पाय घसरून विहिरीत पडल्याने विवाहितेचा मृत्यू", खाली "अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली." मी ती ओळ हजारदा वाचली असेल, आणि प्रत्येक वेळी पुढच्या बातमीवर गेले असेन.

पण बघा, गावाने काय केलं. जे साहेबाला सांगितलं नाही ते गप्प बसवेना म्हणून दुसऱ्या वाटेने सांगितलं. बाई विहिरीवर उभी केली. लुगड्याचा रंग खरा ठेवला, जागा खरी ठेवली, तोंड भिंतीकडे केलं, आणि नवऱ्याच्या जागी आसरा घातल्या. आणि पोरासोरांना सांगत राहिले, पन्नास वर्षं. फिर्याद होती ती, फक्त पोलीस स्टेशनला दिलेली नव्हती. फुई तर पुढे म्हणाली की त्या घरचा तो माणूस म्हातारपणी त्या वाटेने जायचा नाही, लांबचा फेरा मारून मळ्यात जायचा. गावाने पकडलं नाही त्याला, पण वाट बंद केली त्याची. आता हे खरंच तसं होतं की फुईला तसं आठवायला आवडतं, हे मला ठरवता येत नाही.

तेव्हापासून मला आमच्याकडची भुतं वेगळी दिसायला लागलीयत. मुंजा कोण, तर मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा. हडळ कोण, बाळंतपणात गेलेली बाई. म्हणजे यादीच आहे, कोण कोण वेळेआधी गेलं आणि कुणाची चौकशी झाली नाही याची. बाळंतीण गेली तेव्हा सुईण होती का, दवाखान्यात नेलं का, बैलगाडी का मिळाली नाही, हे कुणी विचारलं नाही, मग ती बाई चिंचेवर जाऊन बसली. त्यामुळे खून आणि भूत एका तासात दाखवणारा कोटवाला मला आता तेवढा खटकत नाही.

खटकतो तो दुसऱ्या कारणाने. भुताच्या भागात तो शंका घेणाऱ्याला मिनिटभर बोलू देतो आणि उरलेला वेळ म्युझिकला. तिकडे त्याने कुणाचं बिघडत नसेल. आमच्याकडून वर सातपुड्यात जा, नंदुरबारच्या डोंगरातल्या पाड्यांवर, तिथे गोष्ट उलटी चालते. विहिरीवरची बाई मेल्यावर भूत झाली, तिथे जिवंत बाईला डाकीण ठरवतात. पोर आजारी पडलं, गाय आटली, की भगताकडे जायचं आणि भगत एक नाव घेणार, बहुतेक एकटी राहणारी, विधवा, जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी बाई. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, जीवही गेलेत. म्हणजे इथे भूत आधी आणि गुन्हा नंतर. २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा वाचलात तर त्याच्या अनुसूचीत चक्क गुरांचं दूध मंत्राने आटवल्याचा आरोप कुणावर करणंही लिहिलंय, सरकारी भाषेत. मला ते वाचताना आधी हसू आलं आणि मग कळलं की हे कुणीतरी पाड्यावर बसून ऐकून लिहिलंय, एसी ऑफिसात सुचणारी गोष्ट नाही ती. ज्या दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी इतकी वर्षं घालवली त्यांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला आणि वटहुकूम निघाला त्यानंतर काही दिवसांतच. त्या खुनाचा निकाल यायला २०२४ चा मे उजाडला, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. कुठल्याही कोटवाल्याशिवाय.

मी हे फुईला सांगितलं नाही, उगीच सणाच्या दिवशी. तिला मी सांगितलं की कोटवाला २००३ लाच गेला.

"मरी गया?"

हो, म्हटलं, कधीचाच.

तिने टीव्हीकडे बघितलं, तो धुक्यात उभा राहून बोलतच होता. "मंग हाऊ कोन बोली ऱ्हायना?" आणि पदर तोंडाला लावून जी हसायला लागली, आईला ठसका लागला, शेंगांचं ताट उलटलं.

संध्याकाळी मी नेटफ्लिक्सवरचं नवीन लावून बघितलं, जुलै २०२० पासून आहे ते. मधे डेनिस फरिना नावाचा एक जण सूत्रधार होऊन गेला, खऱ्या आयुष्यात शिकागोचा पोलीसवाला, पण तो काही आम्ही बघितला नाही. नेटफ्लिक्सवाल्यात सूत्रधारच नाही. एका एपिसोडला एकच प्रकरण, ड्रोनने घेतलेली जंगलं, नातेवाईक शांतपणे बोलतात, रडतात, परत बोलतात. चांगलं आहे, माझ्या मते जुन्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे, नाटक कमी. टायटलमध्ये स्टॅकची नुसती सावली येऊन जाते. दोघींनी दहा मिनिटांत नापास केलं. आई म्हणाली यात सांगणारंच कुणी नाही, नुसतं आपल्यावर सोडून दिलंय. फुई म्हणाली झोक्यावर पोरी गाणी म्हणायला लागल्या, मी चालले.

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या तेव्हा मात्र पुन्हा तोच विषय, यावेळी डी. बी. कूपर. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्टलंडहून सिएटलला जाणाऱ्या विमानात बसला, बॅगेत बॉम्ब आहे म्हणाला, दोन लाख डॉलर आणि पॅराशूट मागून घेतले, प्रवासी सोडून दिले आणि पावसाळी रात्री उडत्या विमानातून उडी मारली. १९८० ला एका पोराला नदीकाठी त्यातले काही कुजलेले डॉलर सापडले, बाकी काही नाही, माणूस नाही, पॅराशूट नाही. एफबीआयने २०१६ ला तपास थांबवला.

आईचं म्हणणं, मेला तो, पहिल्याच रात्री. एवढ्या पावसात, जंगलात, पायात साधे बूट.

फुई ऐकेना. तिचं म्हणणं, नोटा नदीत सापडल्या याचा अर्थ त्याने त्या मुद्दाम टाकल्या, मागे लागलेले लोक नदीत शोधत बसावेत म्हणून. तो कुठेतरी आरामात जगला असणार, आणि त्याच्या गावातल्या निदान चार बायांना तरी ते माहीत असणार. मी म्हटलं मग त्यांनी फोन का नाही केला, नंबर तर दर आठवड्याला दाखवत होते, पैसे पण लागत नव्हते. फुई म्हणाली, नवीन माणूस गावात आला, पैसेवाला, बायकोला मारत नाही, कशाला करतील फोन.